काळी खिडकी आणि आपली जोडाक्षरं



संगणकातली ती काळी खिडकी तुम्ही पाहिली असेलच. कुणी तिला टर्मिनल म्हणतं, कुणी कमांड प्रॉम्प्ट. तिथे माउसच्या टिचक्या चालत नाहीत. आज्ञा टंकायची आणि उत्तराची वाट पाहायची. रोमन लिपीत सगळं सुरळीत चालतं. मराठी आली की मात्र एकेक तऱ्हा सुरू होतात. कधी नुसते चौकोन, कधी प्रश्नचिन्हांची माळ, कधी चक्क ग्रीक अक्षरं, तर कधी जोडाक्षराचा हात सुटून हलन्त एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे!

सुट्टीत नातवंडं घरी आली की हा विषय निघतोच. पोरं म्हणतात, "आबा, फॉण्ट नाही." दर वेळी हेच उत्तर. पण आजार चार असतील तर औषध एकच कसं चालेल? जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. बिघाड दिसला की मी आधी विचारतो, हे असं कधीपासून?

टर्मिनल म्हणजे टोक. पूर्वी मोठा संगणक एका खोलीत आणि त्याला तारेने जोडलेलं टंकयंत्र दुसऱ्या खोलीत असे. हे टंकयंत्र म्हणजे तारखात्यात असायचा तो टेलिप्रिंटरच. १९६३ साली अमेरिकेत टेलिटाइप कंपनीचं ३३ नंबरचं मॉडेल आलं. त्याच वर्षी रोमन अक्षरांना एकेक अंक नेमून देणारी 'आस्की' ही यादी ठरली. तिच्यात एकूण जागा १२८. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचंच लघुरूप.

पुढे कागद गेला आणि काचेचा पडदा आला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं १९७८चं व्हीटी-१०० हे टर्मिनल इतकं रुळलं, की आजच्या काळ्या खिडक्या अजूनही त्याचीच नक्कल करतात. त्यावर २४ ओळी आणि ओळीत ८० घरं. आयबीएमच्या १९२८च्या छिद्रांच्या कार्डावरही ८०च रकाने होते. म्हणजे मांडणी बुद्धिबळाच्या पटासारखी. एका घरात एक अक्षर आणि सगळी घरं सारख्या रुंदीची.

आता 'भंडारा' हा शब्द घ्या. आपण म्हणू तीन अक्षरं. पण सुटी करून मोजली तर भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हं होतात. आमच्या पवनी तालुक्यातलं 'अड्याळ' घ्या. तिथे ड पायमोडका होऊन य मध्ये मिसळतो. याला किती घरं द्यायची? अनुस्वार डोक्यावर बसतो, त्याला घर नको. काना शेजारी उभा राहतो, त्याला द्यायचं की नाही यावर प्रोग्रामांचं आजही एकमत नाही. ज्यांनी हा पट आखला त्यांच्यासमोर आपली लिपी नव्हतीच. त्यांनी मुद्दाम डावललं असं म्हणता येत नाही. पण बसायला गेलो तर पाट अपुरा, हे खरंच.

यावर उपाय कुणी शोधला? पुढची गोष्ट कानपूरची आहे, पण तिचा एक धागा आपल्या नागपूरला येतो. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला भरलं होतं. त्याच मालिकेतलं तिसरं संमेलन १९८३ साली दिल्लीला झालं. तिथे आयआयटी कानपूरच्या मंडळींनी देवनागरीत चालणाऱ्या टर्मिनलचं प्रात्यक्षिक दाखवलं. डॉ. आर. एम. के. सिन्हा हे तिथले प्राध्यापक, आणि मोहन तांबे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. या तंत्राला त्यांनी 'जिस्ट' म्हटलं. मूळ लांब नाव 'ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल'. नावातच टर्मिनल आहे बघा!

१९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि जिस्टचं काम तिथे आलं. सी-डॅक म्हटलं की लोकांना डॉ. विजय भटकर आणि १९९१चा परम ८००० महासंगणक आठवतो. जिस्टचं कार्ड फारसं कुणाला आठवत नाही. हे कार्ड संगणकाच्या आत खाचेत बसवायचं. मग डॉसमधल्या डीबेस, वर्डस्टारसारख्या प्रोग्रामांना वाटायचं की आपण नेहमीसारखीच अक्षरं पडद्यावर पाठवतो आहोत. मध्ये बसलेलं कार्ड मात्र त्यांची जोडाक्षरं करून देवनागरी काढायचं. प्रोग्रामला हात लावायची गरजच नाही.

यामागची युक्ती मला फार आवडते, कारण ती व्याकरणाच्या मास्तराला पटणारी आहे. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण आपण म्हणताना आधी क् म्हणतो. 'धर्म' मध्ये रफार म च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात र् आधी येतो. जिस्टवाल्यांनी ठरवलं, की साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने आणि दाखवायचं ते लिपीच्या रीतीने. आत काय आहे ही एक गोष्ट, बाहेर कसं दिसतं ही दुसरी. त्यामुळे तोच मजकूर एक कळ दाबून गुजराती किंवा तेलुगू लिपीत दिसू शकायचा.

याच तत्त्वावर 'इस्की' ही भारतीय लिप्यांची यादी बनली. १९८८ साली तिचं एक रूप आलं आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८च्या रूपावरच बेतलेला आहे. पुढच्या वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत काढली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे 'भंडारा' झाला सहा त्रिक अठरा बाइटांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

दरम्यान छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी वेगळीच वाट धरली. कृतिदेव, शिवाजी असे फॉण्ट आले. त्यांत अक्षरं आतून रोमनच राहतात, फक्त वरचा पोशाख देवनागरी. कृतिदेवमध्ये 'राम' टंकला तर आत जे-के-ई ही तीन रोमन अक्षरं असतात. काळ्या खिडकीला पोशाख घालता येत नाही, म्हणून तिथे राम दिसतच नाही, जेकेई दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी स्मरणिका, हस्तलिखितं आणि याद्या अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, त्यांतून ती कामं हळूहळू सोडवता येतात.

असो. आता आजारांकडे येऊ. प्रश्न एकच विचारायचा, मोडलंय ते आतलं की बाहेरचं?

चौकोन दिसले तर आतलं शाबूत आहे. अक्षर ओळखलं गेलंय, ते काढायला फॉण्ट नाही इतकंच. इथे पोरांचं उत्तर बरोबर.

ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन अशा जोड्या दिसल्या, तरी आतलं शाबूत आहे. जुन्या डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या यादीने यूटीएफ-८ वाचायला घेतलं की असं होतं. तीन बाइटांचं एक चिन्ह समजायचं सोडून ती तीन वेगळी अक्षरं समजते. विंडोजच्या खिडकीत सी-एच-सी-पी ही आज्ञा आणि पुढे ६५००१ हा आकडा दिला की ती यूटीएफ-८ वर येते. लिनक्सवर 'लोकॅल' ही आज्ञा द्यायची आणि उत्तरात यूटीएफ-८ आहे ना ते पाहायचं.

जोडाक्षरं सुटली, कर्सर भलतीकडेच उभा राहिला, तर तो त्या घरांच्या पटाचा दोष. मजकूर ठीक असतो. तीच फाइल साध्या संपादकात उघडली की नीट दिसते. एमएलटर्मसारखी काही टर्मिनलं जोडाक्षरं जोडतातही.

याच्या उलटही एक गंमत आहे. 'कऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे शोधायला गेलं की समोर असलेला कऱ्हाड सापडत नाही. दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहायचं.

आणि शेवटचं, प्रश्नचिन्हं. इथे मात्र सावध! नुसत्या पडद्यावर असतील तर चिंता नाही. पण एखादा प्रोग्राम मजकूर जुन्या यादीत बसवू पाहतो आणि ज्याला जागा नाही त्या प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहून फाइल साठवतो. मग आतलंच गेलं. भंडारा, साकोली, मोहाडी आणि अड्याळ या चारही नावांत सहा सहा चिन्हं आहेत. चौघांची मिळून तीच सहा प्रश्नचिन्हं होतात. कोणतं गाव कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. परीक्षा सोपी आहे. फाइलचं आकारमान बघा. अठरा बाइटांचा भंडारा सहाचा झाला असेल, म्हणजे फाइल एक तृतीयांशाच्या आसपास आली असेल, तर मजकूर गेला. म्हणून काहीही करण्याआधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवायची.

हे मी इतकं बजावून सांगतोय, त्याला कारण आहे. १९८४ साली दहावी झालेल्या माझ्या एका तुकडीच्या नावांची वही माझ्याकडे होती. ती संगणकावर दोन फाइलींत उतरवून घेतली होती. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, त्यात वही गेली. पुढच्या वर्षी नावं अकारविल्हे लावताना एका प्रोग्रामने लहान फाइल जागच्या जागी बदलून टाकली. अकरा नावं होती, अकरा ओळी प्रश्नचिन्हांच्या झाल्या.

पण मधल्या मोकळ्या जागा तशाच होत्या, आणि प्रश्नचिन्हांची संख्याही. मग जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. कुणी म्हणे अमका होता, कुणी म्हणे तमका. प्रत्येक नाव सुटं करून चिन्हं मोजायची आणि कोणत्या ओळीत बसतं ते पाहायचं. पाठीमागच्या बाकावर बसणारी, शेतीच्या हंगामात गैरहजर राहणारी पोरं त्यात सापडली. नऊ नावं लागली.

दोन ओळी अजून तशाच आहेत. एकीत चार चिन्हं, जागा, पाच चिन्हं. दुसरीत सहा, जागा, सात. त्या मी पुसलेल्या नाहीत. त्या तुकडीतलं कुणी हे वाचत असेल, तर जरा आठवून सांगा. मी मोजून बघतो.