बाउले लोकांची कौलविद्या आणि तिची काष्ठशिल्पे

आयव्हरी कोस्टच्या मध्यभागी, बांदामा व न्झी या नद्यांच्या परिसरात, बाउले लोकांची मुख्य वस्ती आहे. १८ व्या शतकात राणी अब्ला पोकू हिच्या नेतृत्वाखाली आपले पूर्वज अशांती राज्यातून येथे आले, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या प्राचीन समाजजीवनाविषयी समकालीन लिखित साधने अल्प आहेत. म्हणून कौलविधीतील कोरीव वस्तूंना इतिहाससाधनाचे मोल प्राप्त होते.

कौलाची एक पद्धती उंदरावर अवलंबून आहे. दोन कप्प्यांच्या पात्रात उंदीर ठेवतात. मधल्या छिद्रातून वर येऊन तो कासवाच्या कवटीत मांडलेल्या बारीक काड्या विस्कटतो व त्या नव्या मांडणीवरून दैवज्ञ उत्तर सांगतो. दुसऱ्या पद्धतीत ‘कोम्येन’ नावाचा दैवज्ञ, मग तो पुरुष असो वा स्त्री, अंगात आल्यावर बोलतो. त्यासाठी लोखंडी घंटेवर कोरीव लाकडी टिपरूने आघात करतात. त्याच्याजवळच्या मूर्ती ‘आस्ये उसू’ या रानातील शक्तींसाठी असतात. या शक्ती विद्रूप मानल्या जातात. तथापि मूर्तींची केशरचना व अंगावरील व्रणचिन्हे अत्यंत रेखीव असतात. सौंदर्याने शक्तीस आकर्षून तिला माणसाळवावे, हा त्यामागील हेतू होय.

युरोपीय संग्रहांत अशा मूर्तींना दीर्घकाळ ‘पूर्वजप्रतिमा’ म्हटले गेले. मोरिस देलाफोस यांनी तर १९०० मध्ये बाउले संस्कृतीत ईजिप्तचा प्रभाव शोधला. सुझन व्होगेल यांच्या १९७३ मधील लेखाने व १९९७ मधील ग्रंथाने हे चित्र पालटले. या मूर्ती एकतर आस्ये उसूंच्या असतात, किंवा ‘ब्लोलो’ या परलोकातील पती वा पत्नीच्या. दोन्ही प्रकारच्या मूर्ती करविण्याचा आदेश दैवज्ञच देतो आणि घडणीवरून त्यांतील भेद सहसा कळत नाही. तो पुष्कळदा पृष्ठभागावरून अनुमानता येतो. बळी व नैवेद्य यांची पुटे आस्ये उसूच्या मूर्तीवर चढतात. परलोकातील जोडीदाराची मूर्ती हाताळण्याने व पुसण्याने गुळगुळीत होते.

यावरून एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. जी पुटे मळ समजून धुतली गेली, तीच त्या मूर्तीची बखर होती. वस्तू संग्रहालयात सुरक्षित राहिली तरी तिच्या उपयोगाचा पुरावा नष्ट होऊ शकतो. सबब अशा शिल्पाचा अभ्यास करताना ते कसे घडले याबरोबरच ते कसे वापरले गेले, हाही प्रश्न संशोधकाने विचारला पाहिजे.