खेळ पैठणीचा : एका स्पर्धेचे कूळ

गणेशोत्सवात आणि नवरात्रात मंडपामंडपांतून ‘खेळ पैठणीचा’ या नावाने स्त्रियांसाठी भरणारी स्पर्धा महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की ती मंगळागौरीच्या खेळांइतकीच जुनी असावी, असे नवख्या निरीक्षकास वाटू शकते. प्रत्यक्षात तिचे कूळ दूरचित्रवाणीत आहे आणि तिचे वय जेमतेम दोन दशकांचे आहे.

प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांत स्पर्धक चित्रीकरणगृहात जातो आणि कुटुंब घरी बसून त्याच्याआधी उत्तर देण्याची धडपड करते. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने ही सवय घरोघर नेली, परंतु त्या खेळात आजी आणि शाळकरी नातू बहुधा प्रेक्षकच राहत, कारण तेथे भांडवल सामान्यज्ञानाचे होते. २००४ साली अल्फा मराठी, म्हणजे पुढे झी मराठी झालेल्या वाहिनीवर आलेल्या ‘होम मिनिस्टर’ने ही मांडणीच उलटी केली. दूरदर्शनवरील ‘ताक धिना धिन’मुळे परिचित असलेले आदेश बांदेकर येथे स्वतः स्पर्धकाच्या घरी जात, त्यांना ‘भावोजी’ म्हणजे दीर आणि गृहिणीला ‘वहिनी’ असे नाते बहाल झाल्यामुळे परक्या पुरुषाने माजघरापर्यंत येण्यातील अवघडलेपण आपोआप गळून पडे. लग्न कसे जमले याच्या गप्पा, उखाणा, म्हणजे पतीचे नाव गुंफलेली यमकबद्ध ओळ, घरगुती वस्तूंचे चपळाईचे खेळ आणि जिंकणारीला पैठणी असा तो क्रम होता.

या उलट्या मांडणीचा परिणाम प्रेक्षकांच्या घरांतही दिसे. उदाहरणार्थ, कल्याणजवळच्या मोहने येथे त्या काळी नॅशनल रेयॉनचा, स्थानिकांच्या तोंडी नुसत्या ‘एनआरसी’चा, कारखाना चालू होता (तो २००९ मध्ये बंद पडला). पाळ्यांवर चालणाऱ्या अशा कामगार वस्त्यांत दिवेलागणीला जो घरी असेल तो दूरचित्रवाणीसमोर बसे, आणि कोणती वहिनी जिंकणार याचा अंदाज बांधण्यास कोणत्याही इयत्तेची अट नसल्यामुळे मुलांचे मतही मोठ्यांइतकेच ग्राह्य ठरे. त्या वेळी शाळेत असलेल्या पिढीच्या आठवणींत हा कार्यक्रम टिकून राहिला, त्याचे एक कारण येथे शोधता येते.

कार्यक्रम पडद्याबाहेर पडून प्रथा झाला तो मात्र त्याच्या स्वस्ताईमुळे. करोडपतीच्या खेळाची नक्कल करण्यास प्रश्नसंच, संगणक आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो. येथे ध्वनिक्षेपक, बादल्या, फुगे, एक बोलका निवेदक आणि एक साडी एवढ्यावर भागते. उखाण्याची तालीम तर हळदीकुंकवाने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेलीच होती. मंडळांनी हा साचा उचलला, आणि महिला मतदारांना एकत्र आणण्याचा याहून सोपा मार्ग नाही हे ओळखून निवडणुकीच्या इच्छुकांनी त्याला आश्रय दिला. प्रथेचा प्रसार भक्तीपेक्षा या आश्रयाने अधिक झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बक्षिसाच्या वस्त्रावरही या स्वस्ताईचा परिणाम झाला. जरीकाठाची, पदरावर मोर वा कमळ हातमागावर विणलेली रेशमी पैठणी महाग पडते, म्हणून मंडपांत पुष्कळदा तिच्या नक्षीची स्वस्त ‘सेमी पैठणी’ दिली जाते. वाहिनीने मात्र २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात नेमकी उलट वाट धरली आणि येवल्यात विणलेली ११ लाख रुपयांची पैठणी बक्षीस म्हणून जाहीर केली. एवढी महाग साडी कोण आणि कधी नेसणार, यावरच मग चर्चा रंगली.