गोटी सोडा
गोटी सोडा : काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या जाड बाटलीतले वायुयुक्त पेय. ही बाटली इंग्रज अभियंता हायरम कॉड याने 1870 च्या दशकात घडवली. बाटली उलटी धरून दाबाखाली भरतात; वायूच्या रेट्याने गोटी मानेतल्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि वेगळे बूच लागत नाही. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की फस्सकन वायू सुटतो. ओतताना गोटी मानेखालच्या खोबणीत अडकवायची, म्हणजे धार तुटत नाही. या रचनेतली ही सर्वांत देखणी युक्ती.

महाराष्ट्रात जत्रांत, बाजारपेठांत आणि हातगाड्यांवर हा सोडा साधा, लिंबू-मीठ पिळून किंवा मसाला घालून मिळतो. पत्र्याची झाकणे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्यावर तो मागे पडला, तरी संपला नाही. चव इतर सोड्यांतही सापडते. डोळ्यांदेखत बाटली फोडण्याची मजा मात्र इथेच, आणि त्याचे खरे आकर्षण तेच आहे. जपानमधले ‘रामुने’ हे पेयही याच बाटलीमुळे लोकप्रिय राहिले. भारतीय गोटी सोड्याची आता परदेशातही निर्यात होते.