मोटारीच्या कांतीची कुळकथा

जुनी मोटार ज्या दिवशी कारखान्याच्या दरवाजातून बाहेर पडली त्या दिवशीच्या रूपात तिला पुन्हा उभी करावयाची, असा संकल्प जो कोणी सोडतो त्याला पत्रा ठोकून सरळ करण्याची विद्या, गंज उकरण्याची चिकाटी आणि सुट्या भागांसाठी देशोदेशी पत्रव्यवहार करण्याची हौस या साऱ्यांच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. आणि तो प्रश्न असा की, त्या दिवशी तिच्या अंगावर जी कांती होती ती कोणत्या द्रव्याची होती?

मोटारीचा पहिला रंगारी म्हणजे घोड्यांच्या बग्ग्या रंगविणाराच. त्याची रीत वडिलोपार्जित होती: आधी शिसेयुक्त सफेत्याचे अस्तर, ते प्युमिसच्या दगडाने घासून गुळगुळीत करावयाचे, मग तेलरंगाचे हात, आणि शेवटी व्हार्निशचे हात. यातील तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होत असल्यामुळे प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहणे भाग पडे आणि एकेक गाडी कित्येक आठवडे रंगशाळेत अडकून राही. बग्गीवाल्याला ही मुदत परवडत होती. मोटारीच्या कारखानदाराला ती परवडेना. फोर्डने आपल्या ‘मॉडेल टी’ला 1914 पासून 1925 पर्यंत केवळ काळाच रंग दिला; डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून केलेले काळे एनॅमल स्वस्त होते, टिकाऊ होते आणि भट्टीत भाजून लवकर वाळविता येत होते. रंगीत मोटार हवी असणाऱ्यांपुढे मात्र व्हार्निशचा तो दीर्घ वनवास तसाच राहिला.

या वनवासातून सुटका झाली ती बंदुकीच्या दारूच्या कुळातून. 1846 च्या सुमारास बाझेल येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक शेनबाइन यांनी कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांचा संस्कार करून एक स्फोटक द्रव्य सिद्ध केले. सांडलेले आम्ल त्यांनी पत्नीच्या सुती एप्रनने टिपले आणि चुलीपाशी वाळत घातलेले ते वस्त्र क्षणात भस्म झाले, अशी आख्यायिका आहे. हेच नायट्रोसेल्युलोज पुढे धूरविरहित दारूचे मुख्य अंग बनले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ते प्रचंड प्रमाणावर निर्माण केले. तह झाले, तोफा थंडावल्या, परंतु कारखाने आणि रसायनज्ञ तर उभेच होते. नायट्रोसेल्युलोज योग्य द्रावकात विरघळवून त्याचा लॅकर करण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. अडचण एवढीच होती की त्याचे थोडे प्रमाण विरघळताच द्रावण काकवीसारखे दाट होई, आणि पातळ करावे तर एकेका हाताने पृष्ठभागावर नावापुरताच पापुद्रा उरे. 1920 च्या सुमारास ड्यूपाँच्या रसायनज्ञांना हा दाटपणा उतरविण्याची युक्ती गवसली, त्यामुळे त्यात रंगद्रव्याची भरपूर मात्रा सामावू लागली. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग अशाच द्रव्याच्या शोधात होते, आणि त्या कंपनीच्या भांडवलात ड्यूपाँचा मोठा हिस्सा असल्यामुळे दोन्ही घरांचा संबंध जवळचा होता. 1924 सालच्या जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारी या नव्या लॅकरच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. लॅकरचे नाव ‘ड्युको’. आठवड्यांचे काम तासांवर आले, आणि सामान्य ऐपतीच्या गिऱ्हाइकालाही रंग निवडण्याची मुभा मिळाली. आपल्याकडील डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत आणि फर्निचरच्या कारखान्यांत फवाऱ्याच्या रंगाला आजही सर्रास ‘ड्युको’ म्हणतात, ते याच वंशावळीमुळे.

जीर्णोद्धार करणाराने या लॅकरचा स्वभाव नीट समजून घ्यावयास हवा. एनॅमलमध्ये घडते तसले कसलेही रासायनिक परिवर्तन त्यात घडत नाही. थिनर उडून जातो आणि मागे रंगाचा पापुद्रा उरतो, एवढेच. तो इतक्या त्वरेने वाळतो की कुंचला ओढता ओढताच चिकटू लागावा. म्हणून रंगशाळेत फवाऱ्याची पिचकारी आली. त्या काळच्या अमेरिकेत डी-व्हिल्बिस घराण्याच्या पिचकाऱ्या प्रसिद्ध होत्या, आणि त्या घराण्याचा मूळ व्यवसाय घशात औषध फवारण्याची उपकरणे करण्याचा होता! पिचकारीतून पडलेला ड्युको मंद दिसे; त्याची चकाकी पाणीपेपर आणि कंपाउंड मारूनच काढावी लागे, आणि जेथे गिऱ्हाइकाची नजर पोचावयाची नाही तेथे कामगार घासणीचे श्रम बहुधा वाचवीत. म्हणजे कारखान्याची अस्सल कांती ही बाहेर उजळ, दारांच्या आतल्या कडांना मळकट, अशीच होती.

आज प्रदर्शनांत उभ्या असलेल्या कितीतरी जुन्या मोटारींवर पारदर्शक क्लिअर कोटचा जाड थर असतो. त्या पाण्यातून काढल्यासारख्या ओल्या भासतात, आणि दाराची कडदेखील आरशासारखी लखलखते. कारागिरी म्हणून हे काम वाखाणण्याजोगे असेल, परंतु त्याला मूळ रूप म्हणणे मला मान्य नाही. 1935 साली स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या परीक्षणाचा दंडकही असा की, विक्रेता ज्या अवस्थेत गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ शकला असता त्या अवस्थेशी ताडून तिची पारख करावी. त्या दंडकाबरहुकूम अधिक चकाकी ही अधिक सचोटी ठरत नाही.

पुरावा शोधावयाचा तो गाडीपाशीच. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या रबराखाली, डिकीच्या कोपऱ्यात जुन्या रंगाचा तुकडा बहुधा तगून असतो. थिनरमध्ये भिजविलेल्या बोळ्याने हलकेच पुसले आणि रंग बोळ्यावर उतरला, तर ते लॅकर असण्याचा संभव बळकट; पुरते मुरलेले एनॅमल सहसा असे विरघळत नाही. मग नखाएवढी जागा बारीक पाणीपेपरने तिरपी घासत गेले, म्हणजे मागाहून दिलेल्या रंगांचे, लांबीचे, अस्तराचे आणि अखेर पत्र्याचे वेटोळे एकाभोवती एक उमटते. त्यात मूळ अस्तराला लागून असलेले वेटोळे हा कारखान्याचा दस्तऐवज. द्रावकांच्या वाफांनी हवा दूषित होते म्हणून अनेक देशांत असल्या लॅकरवर निर्बंध आले आहेत, त्यामुळे पुष्कळांना आधुनिक रंग मारून त्याची झळाळी घासून उतरवावी लागते. तडजोड म्हणून ते क्षम्य आहे. परंतु मूळ लॅकर भेगाळलेले का होईना, बऱ्याच अंशी शिल्लक असेल, तर माझ्या मते ते खरवडून काढण्याचा अधिकार मालकालाही नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1964 च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर सिद्ध केलेली ट्यूरिन सनदही नवीकरणापेक्षा जतनालाच अग्रमान देते.