पहाटे ३:५६ च्या आधीचं गाव

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग असा लिहून.

रील बनवताना तुम्ही कधीतरी ‘व्हीएचएस’ फिल्टर लावलाच असेल. चित्र थरथरतं, रंग पसरतात, खाली एक पट्टी नाचत राहते. आज आपण त्या फिल्टरच्या मूळपुरुषाबद्दल, म्हणजे खऱ्या कॅसेटबद्दल बोलू. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात या कॅसेटांमध्ये काय अडकून पडलंय, त्याबद्दलही.

व्हीएचएस आणली जपानच्या जेव्हीसी कंपनीने, १९७६ साली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच सुमारास व्हीसीआर घराघरात शिरू लागले. मग लग्नात शूटिंगवाला आला. खांद्यावर कॅमेरा, डोळे दिपवणारा लाइट आणि मागे वायर सांभाळणारा पोरगा. मिक्सिंगमध्ये नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरायचे. आजच्या मोशन ग्राफिक्सची आपल्याकडची आजी म्हणजे हे मिक्सिंग!

आता १९९३. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या कोसा नावाच्या छोट्या कंपनीने ‘आफ्टर इफेक्ट्स’ची पहिली आवृत्ती काढली. आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे ३:५६ वाजता किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. पुढे पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसवली गेली.

भूकंपानंतरचे फोटो आणि बातम्या भरपूर आहेत. पण भूकंपाआधीचं गाव हलताना-बोलताना कुठे दिसतं? पाटलाचा वाडा, पार, पंगतीत वाढणारी आजी? त्याची शक्यता फक्त अशा एखाद्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. माझ्याकडे मागे एका श्रोत्याने अशीच कॅसेट दिली. त्यांच्या आत्याचं लग्न, १९९१ चं. त्यातली निम्मी वऱ्हाडी मंडळी आज नाहीत. आपल्या भागासाठी त्या गावाचा हलता नकाशा करायचा होता, म्हणून मी ती कॅप्चर केली.

कॅप्चरला शॉर्टकट नाही. पेनड्राइव्हवरून फाइल ओढतो तसं इथे होत नाही. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. व्हीसीआरमधून पिवळी, लाल, पांढरी वायर कॅप्चर कार्डात, तिथून कॉम्प्युटरमध्ये. डीव्ही फॉरमॅटमध्ये एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

फाइल हातात आली की खरी गंमत सुरू होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे दोन फील्डची. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. म्हणून कॉम्प्युटरवर धावत्या पोराच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये फील्ड वेगळे करून घेतले की ते जातात. मात्र कोणता फील्ड आधी येतो हे उलटं सांगितलं, तर पोरगं पुढे-मागे हिसके देत धावतं. दुसरी गोष्ट, ७२० बाय ५७६ मधला पिक्सेल चौकोनी नसतो. तो चौकोनी धरला तर माणसं बारीक दिसतात. उलट, मोबाइलचा आडवा स्क्रीन भरावा म्हणून चित्र ताणलं तर तीच माणसं फुगतात.

हे नुसतं तांत्रिक वाटेल. पण त्या घरच्यांकडे आत्याच्या सासूचा चालता-बोलता चेहरा तेवढाच आहे. तो बारीक करायचा किंवा फुगवायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून मी दोन नियम पाळतो. मूळ कॅप्चरला हात लावायचा नाही, सगळे खेळ कॉपीवर. आणि त्या चित्रावर वरून खोटी थरथर चढवायची नाही. काळाने केलंय तेवढं पुरे.

वेळ कमी आहे. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या मदतीने जगभर इशारा दिला गेला, की टेपवरचा ऐवज २०२५ पर्यंत डिजिटल करून घ्या. नंतर चालू मशिनं मिळणं अवघड होईल. ती मुदत संपली, पण कपाटं अजून भरलेली आहेत.

तेव्हा आजच माळ्यावर बघा. कॅसेट सापडली तर लगेच मशिनमध्ये घालू नका. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडे न्या, नाहीतर फीत आणि मशिन दोन्ही जातील. कॅसेटच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. आणि कॅप्चर चालू असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. कोण कोण आहे ते विचारा, लिहून ठेवा. सॉफ्टवेअरला चेहरा दिसतो, त्याचं नाव त्यांनाच माहीत असतं.