बटण दाबले तरी न पडणारे मॅगझिन

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. सैन्यात आर्मरर होता, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा. आता निवृत्त होऊन गावाकडे शेती बघतो. मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला. बंदुकीशी माझा संबंध एन.सी.सी.च्या मुलांना मैदानावर सोडून येण्यापुरताच. पण माणूस आपल्या कामाबद्दल मनापासून बोलू लागला की ऐकत राहावेसे वाटते.

तो म्हणाला, "सर, सगळ्या नोकरीत नऊ एमएमच्या पिस्तुलाची एकच तक्रार सारखी ऐकली. बटण दाबलं तरी मॅगझिन खाली पडत नाही, अडकतं. बोटांनी ओढून काढावं लागतं."

"मग तू काय करायचास?"

"बघायचो. मॅगझिन जुनं असेल, पोचा आला असेल, घाण-गंज असेल तर दुरुस्ती करायची. नाहीतर सांगायचो, साहेब, हे असंच असतं."

हे 'असंच असतं' माझ्या डोक्यातून जाईना. असंच का असतं? कोणीतरी कधीतरी ते तसे ठरवले असणार. निवृत्त मास्तराला दुसरा उद्योग काय? शोधत बसलो.

ज्यांनी पिस्तूल फक्त सिनेमात पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडेसे. मॅगझिन म्हणजे मुठीच्या पोकळीत खालून सरकवायची पत्र्याची उभी डबी. आत गोळ्यांची चळत, तळाशी स्प्रिंग. एक गोळी उडाली की स्प्रिंग पुढची वर ढकलते. डबी रिकामी झाली की मुठीजवळचे बटण दाबायचे, ती काढायची आणि भरलेली घालायची. सिनेमात ती टपकन जमिनीवर पडते.

माझा विद्यार्थी ज्या पिस्तुलाबद्दल बोलत होता ते आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनले, पण त्याचा जन्म बेल्जियममधला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. त्यांच्या अटींची यादी मोठी आहे: किमान दहा गोळ्या, वजन एक किलोच्या आत, पन्नास मीटरपर्यंत परिणामकारक. त्यात एक अट अशी, की मॅगझिन बाहेर काढल्यावर पिस्तूल चालता कामा नये.

ही अट कळायला थोडे थांबावे लागते. डबी काढली की माणसाला वाटते पिस्तूल रिकामे झाले. पण एक गोळी आधीच वर नळीत चढलेली असते. ती डबीबरोबर बाहेर येत नाही. जगभर किती घरांत, किती बराकींत 'रिकाम्या' पिस्तुलाने माणसे मेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या अटीचे मूळ या भीतीत आहे.

बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीने हे काम जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराकडे सोपवले. तेथेच लिएजमध्ये काम करता करता २६ नोव्हेंबर १९२६ रोजी तो वारला. अपुरे काम द्यूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने पुरे केले. तेरा गोळ्या मावणारी, आत दोन रांगा असलेली जाडसर डबी ही त्याचीच कल्पना मानली जाते. १९३५ साली बेल्जियमने हे पिस्तूल स्वीकारले. गंमत म्हणजे ज्या फ्रेंचांसाठी एवढा खटाटोप झाला त्यांनी ते घेतलेच नाही, स्वतःचे दुसरेच पिस्तूल पसंत केले. पण त्यांची ती अट पिस्तुलाच्या पोटात राहून गेली, जशी एखाद्या घरात मोडलेल्या सोयरिकीची वस्तू राहावी!

अट पाळली कशी? चापाच्या मागे एक छोटा स्प्रिंगवाला भाग बसवला. डबी आत असली की तिचा पुढचा पत्रा या भागाला मागून रेटतो आणि चाप पुढच्या यंत्रणेशी जोडला जातो. डबी काढली की ही जोडणी सुटते. मग चाप कितीही ओढा, काही होत नाही. आता आपली तक्रार बघा. तो भाग डबीच्या पत्र्यावर सतत दाबून बसलेला असतो. त्या दाबाच्या घर्षणामुळे बटण दाबले तरी डबी आपल्या वजनाने पडत नाही. म्हणजे दोष म्हणून जो सांगितला जातो तो राखणदाराने धरलेला हात आहे.

शिवाय युरोपातल्या त्या काळच्या सैन्यांना डबी पडायला हवीच होती असे नाही. अनेक युरोपीय पिस्तुलांना तिची खिटी मुठीच्या तळाशी असे. दुसऱ्या हाताने ओढूनच काढायची. जर्मन लुगरच्या डबीला बोटांत धरायला लाकडी बूड असे आणि तिच्यावर पिस्तुलाचा क्रमांकही घातलेला असे. सरकारी वस्तू, हरवायची नाही. अमेरिकनांच्या १९११ सालच्या कोल्ट पिस्तुलाची डबी बटण दाबताच पडे, तर घोडेस्वारांसाठी सुरुवातीच्या डब्यांना खाली कडी ठेवली होती, दोरीने बांधायला. धावत्या घोड्यावरून पडलेली डबी कोण शोधणार?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतले आणि हेच पिस्तूल स्वतःसाठी बनवून घेतले. काम घाईत उरकायचे तर भाग कमी करावे लागतात. पुढे पुढे त्यांनी तो राखणदार भाग वगळूनच टाकला. तिकडे कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत दोस्तांसाठी तेच पिस्तूल बनू लागले, मुख्यतः चँग कै-शेकच्या चीनसाठी. (या कंपनीने युद्धानंतर धुलाईयंत्रे बनवली. कारखान्यांचेही पुनर्जन्म असतात.) आपले इशापूरचे पिस्तूल या इंग्लिसच्या वळणाचे.

एफ.एन.ला तक्रार ठाऊक नव्हती असे नाही. पुढच्या काळात त्यांनी डबीच्या बुडाशी उंदराच्या सापळ्यासारखी एक स्प्रिंग बसवली. बटण दाबले की ती मुठीला रेटून डबी बाहेर फेकते. राखणदार तसाच ठेवून त्याच्यावर उतारा! जुनी डबी बदलून ही नवी घेतली की बऱ्याच जणांचे काम भागे. १९८० च्या दशकातल्या ऑस्ट्रियन ग्लॉक पिस्तुलाची गोष्टही अशीच. त्याच्या प्लास्टिकच्या डब्या गोळ्या भरल्या की किंचित फुगत आणि मुठीत अडकत. त्यांच्या सैन्याचे त्यात काही बिघडत नव्हते. अमेरिकन गिऱ्हाइकाला मात्र डबी पडायलाच हवी होती, तेव्हा कंपनीने आतून पूर्ण पोलादी अस्तर घातले.

हे सगळे मी विद्यार्थ्याला फोनवर वाचून दाखवले. तो हसला. म्हणाला, "सर, मला फ्रेंच-बिंच माहीत नव्हतं. पण तो भाग काढून टाक असं मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. मी काढला नाही."

"का?"

मग त्याने सांगितले. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. बराकीत एक पोरगा पिस्तूल साफ करायला बसला होता. डबी काढून खाटेवर ठेवली आणि समोरच्या खाटेकडे तोंड करून चाप ओढला. समोर त्याच्याच गावचा मित्र बुटाला पॉलिश करत बसलेला. काहीच झाले नाही. मग त्याने स्लाइड मागे ओढली, तर आतून एक जिवंत गोळी उडून फरशीवर पडली.

"आवाज केवढा झाला, सर, त्या एका गोळीचा. नुसता पडल्याचा. त्या रात्री तो पोरगा जेवला नाही. आणि मित्राला त्यानं सांगितलंही नाही."

"तुला कसे कळले?"

तो जरा थांबला. "मीच होतो ना, सर."

मला काही सुचेना. थोड्या वेळाने तोच म्हणाला, तो भाग म्हणजे काही देव नव्हे. रिकामी डबी परत आत सरकवली की चाप पुन्हा चालतो, नळीतली गोळी तिथेच असते. म्हणून नव्या पोरांना तो आधी स्लाइड ओढून नळीत बोट घालून बघायला लावायचा, दोनदा.

मी सांगितले, की २०२२ साली एफ.एन.ने हे पिस्तूल नव्याने बाजारात आणले, त्यात आता सतरा गोळ्या मावतात, पण तो भाग ठेवलेला नाही. डबी बटण दाबताच पडते.

"पडणारच," तो म्हणाला. मग विचारले, "सर, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे आता?"