लोणारचा खार व तळेगांवची फुंकनळी

वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेस, रिसोड तालुक्यास लागून, लोणारचें खारें सरोवर आहे. अबुल फझलानें आइने अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करितांना बासीम हें एक सरकार म्हणून नोंदलें आहे, व लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण यांस लागणारें सर्व साहित्य मिळतें, असेंही लिहून ठेविलें आहे. वाळू वितळण्यास खार लागतो, आणि लोणारच्या खारांत सोड्याचा अंश मोठा. तेव्हां सोळाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखास काचेच्या सामग्रीची वाण नव्हती, हें उघड आहे. असें असतां पुढें बोहेमियांतील गाब्लोन्झच्या बांगड्यांनीं हिंदुस्थानचे बाजार भरले, व देशी काचाऱ्यांचा धंदा मागें पडला. याचें कारण आमच्या मतें मालांत नसून हातांत शोधिलें पाहिजे.

बोहेमियांत कामेनित्स्की शेनोव्ह येथें काचकामाची शाळा १८५६ सालींच निघाली होती. इकडे त्या शतकाच्या अखेरीस युरोपीय धर्तीचे जे कारखाने निघाले, त्यांतील पुष्कळांची मदार परदेशांतून आणिलेल्या कारागिरांवर होती, व ते फार काळ टिकले नाहींत. उसना हात किती दिवस पुरणार?

ही उणीव ओळखिली ती पैसा फंडानें. अंताजी दामोदर काळे यांनीं दरमाणशीं एक पैसा मागून हा फंड उभारिला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा मिळाला. १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला, व जपान आणि अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथील काम हातीं घेतलें. हा कारखाना म्हणजेच शाळा होती. नळीच्या टोकावर रस किती घ्यावा, नळी कोणत्या वेगानें फिरवावी, फुंक कोठें आवरावी, हें पुस्तकांतून येत नाहीं. रस निवूं लागण्यापूर्वीं, थोड्या पळांतच, जिन्नस आकारास आणावा लागतो. आणि झालेला जिन्नस सावकाश निवविला नाहीं तर तो मागाहून आपोआप तडकतो. उमेदवारानें जाणत्याच्या शेजारीं भट्टीपुढें उभें राहून हें उचलावयाचें. युरोपांत ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. तळेगांवास ती अशांकडे गेली, ज्यांच्या घरांत कोणीं नळी कधीं पाहिली नव्हती!

१९१४ सालीं महायुद्ध सुरू होऊन ऑस्ट्रिया व जर्मनी येथील माल बंद पडला, तेव्हां या शिक्षणाची किंमत कळली. तळेगांवीं तयार झालेले फुंकणारे इतर प्रांतांच्या कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेय यांनीं संयुक्त प्रांतांत बहजोई येथें कारखाना चालविला. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, व पुढें त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर लागला. पैसा फंडाचें खरें उत्पन्न काच नव्हे, काचकार होत.

२०२३ सालीं युनेस्कोनें फ्रान्स, जर्मनी, चेकिया, स्पेन, हंगेरी व फिनलंड या सहा देशांची हातकाचेची विद्या मानवजातीच्या वारशांत नोंदली. तळेगांवच्या उमेदवारांचीं नांवें मात्र विखुरलेलीं आहेत. ज्यांच्या घरीं त्यांचीं पत्रें, प्रशस्तिपत्रें वा हत्यारें असतील, तसेंच वाशीम, रिसोड, लोणार या बाजूच्या ज्या काचारी घराण्यांत खाराच्या खरेदीचे कागद असतील, त्यांनीं तीं आमच्या पाहण्यांत आणावीं, अशी विनंती आहे.